पंगतीत कोण बसणार? मराठी ख्रिस्ती आश्रमांची पार्श्वभूमी

१९७२ साली पुण्याच्या शिवाजीनगरातल्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात दोन संघांच्या भगिनी, म्हणजे व्रतस्थ नन्स, एकत्र राहायला आल्या. एक संघ अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा, दुसरा रोमन कॅथलिक. ही दोन चर्चेस सोळाव्या शतकात फुटली ती फुटलीच. इथे मात्र दोन्हीकडच्या बायका एका स्वयंपाकघरात जेवणार होत्या, जमिनीवर बसून प्रार्थना करणार होत्या आणि बायबलबरोबर उपनिषदंही वाचणार होत्या. आपल्याकडे अशा गोष्टीला चटकन 'प्रयोग' म्हणतात. पण प्रयोग म्हणावा इतकी ही गोष्ट नवी नव्हती. तिच्यामागे जवळजवळ नव्वद वर्षांचं भांडण होतं, आणि त्याची सुरुवात एका पुडिंगवरून झाली असं म्हटलं तरी चालेल.

त्या अँग्लिकन भगिनींचा संघ मूळचा इंग्लंडमधल्या वॉन्टेज गावचा. पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या तेव्हा याच संघाने त्यांना आसरा दिला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई आणि त्यांची लहानगी मनोरमा यांचा बाप्तिस्मा वॉन्टेजलाच झाला. आता बाई आपल्या झाल्या, असं संघाला वाटलं असणार. रमाबाईंना तसं अजिबात वाटत नव्हतं. त्यांचं शाकाहारी जेवण चालूच राहिलं आणि अंडं घातलेल्या पुडिंगलाही त्यांनी नकार दिला. संघातल्या सिस्टर जेराल्डिन यांना यात जुना जातीचा अभिमान दिसला. रमाबाईंचं म्हणणं साधं होतं: ख्रिस्त स्वीकारला म्हणून आईबापांच्या घरचं खाणंपिणं सोडायचं कारण काय? गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती, त्यावरूनही खटका उडाला. लॅटिन ही संस्कृतपेक्षा अधिक पवित्र कशावरून, हा प्रश्न शास्त्र्याच्या मुलीने विचारला नसता तरच नवल. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून नुकती सुटलेली मी पुन्हा दुसऱ्या जोखडात मान देणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी पत्रात लिहिलं आहे.

रमाबाईंनी पुढे शारदा सदन काढलं, केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, बायबलचं मराठी भाषांतर केलं. त्या कामावर भरपूर लिहिलं गेलं आहे. इथे त्यांच्याकडून उचलायचा तो एक प्रश्न: एखाद्या मंडळात आत यायचं तर काय काय बाहेर ठेवून यावं लागतं?

हाच प्रश्न नारायण वामन टिळकांच्या घरात उलट्या बाजूने आला. १८९५ मध्ये मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि नवरा-बायकोची काही वर्षं ताटातूट झाली. लक्ष्मीबाई नांदायला परत आल्या, पण सोवळं घेऊन. एका छपराखाली त्यांचं पाणी वेगळं, चूल वेगळी. टिळकांनी जबरदस्ती केली नाही, हे आवर्जून सांगायला हवं. त्या काळच्या नवऱ्यांत ही गोष्ट दुर्मिळ होती. पुढे राहुरीला असताना लक्ष्मीबाईंचं सोवळं गळून पडलं, तेही कुणाचं प्रवचन ऐकून नव्हे, तर स्वतःशीच केलेल्या विचारातून. 'स्मृतिचित्रे'त त्यांनी हे सगळं लिहिलं आहे, आणि बाईंची शैली अशी की आपलीच फजिती सांगताना त्या सर्वांत खुलतात. एका स्वयंपाकघरात झालेला एवढा मोठा बदल इतक्या हलक्या हाताने मराठीत फार कमी जणांनी सांगितला असेल.

टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये होते. हे मिशन जुनं, मुंबईत १८१३ पासूनचं. नगर जिल्ह्यातल्या गावोगावी त्याच्या मंडळ्या, म्हणजे स्थानिक ख्रिस्ती समुदाय, होत्या, त्यांत बहुसंख्य महार आणि मांग समाजातली माणसं. प्रार्थना इंग्रजी वळणाच्या चालीवर चाले. टिळकांनी तिथे अभंग आणले, टाळ-मृदंग आणला, ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. शाळेत 'केवढे हे क्रौर्य' पाठ केलेल्या पिढ्यांना या कवीची ही बाजू बहुधा कुणी सांगितलीच नाही.

तरी त्यांची तगमग वेगळीच होती. मिशन पगार देतं, साहेब ठरवतो, आणि पगार घेऊन बोलणाऱ्याचं बोलणं लोक पगारी म्हणूनच ऐकतात. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यस्त वृत्ती धरली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. दरबारात ख्रिस्ताचे बाप्तिस्मा घेतलेले शिष्य येऊ शकत होते, तसेच न घेतलेलेही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत धीट ओळ हीच. चर्चची हजेरी बाप्तिस्म्यावर चालते; टिळकांनी ती अटच उंबऱ्याबाहेर ठेवली. दरबाराला वेळ मात्र मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले आणि त्यांच्यामागे दरबार टिकला नाही.

टिळकांचं इंग्रजी चरित्र १९२३ मध्ये आलं. ते लिहिणारे जॅक विन्स्लो हे अँग्लिकन मिशनरी १९१४ मध्ये भारतात आले आणि नगर भागात काम करत होते. जालियनवाला बागेनंतर इंग्रज मिशनऱ्याने कोणत्या तोंडाने बंधुभाव सांगायचा, हा प्रश्न त्यांना छळत होता. बंगला, नोकरचाकर, टेबल-खुर्ची हे सगळं ठेवून शेजारधर्म होत नाही, एवढं त्यांना कळलं होतं. जून १९२२ मध्ये त्यांनी काही भारतीय सोबत्यांसह नगर जिल्ह्यातल्या मिरी गावी 'ख्रिस्त सेवा संघ' स्थापन केला. (रमाबाई त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारल्या.) खादी, जमिनीवरची बैठक, हाताने शाकाहारी जेवण, पावसाळ्यात आश्रमात राहून अभ्यास-उपासना आणि उघाडीच्या दिवसांत गावोगाव फिरणं, असा क्रम ठरला. अंडं घातलेल्या पुडिंगवरून रमाबाईंना बोल लावणाऱ्या चर्चचा पाळक आता मराठी पंगतीत मांडी घालून बसला होता.

वाराही तसाच होता. गांधींचा साबरमती आश्रम जोरात होता, आणि तिकडे तमिळ प्रदेशात तिरुपत्तूरला एक भारतीय आणि एक स्कॉटिश डॉक्टर यांनी १९२१ मध्ये ख्रिस्तकुल आश्रम काढला होता. तरीही टिळकांचा दरवाजा विन्स्लोंच्या दरवाज्यापेक्षा रुंद होता. ख्रिस्त सेवा संघ अँग्लिकन चर्चच्या आत होता, वर बिशप होते. म्हणूनच तो टिकला, आणि म्हणूनच अडखळलाही.

१९२७ च्या सुमारास इंग्लंडहून नव्या दमाचे तरुण आले आणि संघाने पुण्यात भांबुर्ड्याला, म्हणजे आजच्या शिवाजीनगरला, आश्रम बांधला. त्या तरुणांत ऑक्सफर्डचे व्हेरिअर एल्विन होते. आल्या आल्या, जानेवारी १९२८ मध्ये, ते साबरमतीला एका सर्वधर्मीय संमेलनाला गेले आणि गांधींचे होऊन परतले. आश्रमात चरखा आला, खादीला आता राजकीय अर्थ आला. सरकारची आणि बिशपांची भुवई वर गेली. खादी घातलेला इंग्रज गरिबीचं व्रत घेतो तोवर तो साधू. काँग्रेसच्या बाजूने बोलला की तो उपद्रवी. संघातही सगळे एल्विन यांच्याइतके पुढे जायला तयार नव्हते. १९३१ मध्ये ते बाहेर पडले. संघातलेच मराठी ख्रिस्ती तरुण शामराव हिवाळे त्यांच्याबरोबर निघाले आणि १९३२ च्या आरंभी दोघं मंडला जिल्ह्यातल्या करंजियात गोंडांमध्ये राहायला गेले. नागपूरच्या बिशपांनी एल्विन यांच्याकडे राजनिष्ठेची शपथ मागितली. त्यांनी ती घेतली नाही, आणि पुढे चर्चही सोडलं. एल्विन यांचं नाव मानववंशशास्त्रात गाजलं. शामरावांचं नाव त्यांच्या शेपटाला येतं, हे मला नेहमी खटकतं. जंगलात दवाखाना, शाळा आणि माणसं सांभाळायला दोघं होते.

मागे राहिलेल्या संघात दुसरी ओढाताण होती. ब्रह्मचारी राहून मठासारखं व्रतस्थ जगायचं, की बायकापोरं असलेल्यांनाही बरोबरीने सामावून घ्यायचं? १९३४ मध्ये संघ दुभंगला. विन्स्लो इंग्लंडला परतले आणि पुण्याचा आश्रम 'ख्रिस्त प्रेम सेवा संघ' या नावाने बिल लॅश यांनी चालवला. हेच लॅश १९४७ मध्ये मुंबईचे बिशप झाले. पुण्यातून परतलेले आणखी एक, अल्जी रॉबर्टसन, इंग्लंडमध्ये अशाच बंधुसंघाच्या कामात पडले. १९३७ मध्ये संत फ्रान्सिसच्या वाटेने जगणाऱ्या अँग्लिकन, म्हणजे फ्रान्सिस्कन, बंधूंचे गट एक झाले त्यात त्यांचा मोठा वाटा होता. मिरीच्या पंगतीतलं काहीतरी या बंधूंच्या इंग्लंडमधल्या डॉर्सेटच्या मठात पोहोचलं, असं म्हणायला हरकत नाही. मिशनचा माल एरवी एकाच दिशेने जातो.

मग काही दशकांची ओहोटी, आणि १९७२. वॉन्टेजच्या संघाच्या भगिनी पुण्यात एकोणिसाव्या शतकापासून होत्याच. त्यांच्या जोडीला सेक्रेड हार्ट संघाच्या कॅथलिक भगिनी आल्या. मुंबईचं सोफिया कॉलेज चालवणारा संघ तो. त्यांतल्या सारा ग्रँट यांनी शंकराचार्यांवर संशोधन केलं होतं, आणि अद्वैत मला ख्रिस्ताकडे जायला मदत करतं, असं त्या मोकळेपणाने मांडत. रमाबाईंनी वॉन्टेजला ज्या संस्कृतची बाजू घेतली, ती आता त्याच संघाच्या भगिनींच्या सकाळच्या प्रार्थनेत ऐकू येऊ लागली. जेवणाची पंगत एक झाली. प्रभुभोजनाची, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीची, मात्र तशी झाली नाही. तिथे कॅथलिक चर्चचा नियम आडवा होता आणि अजूनही आहे. उपनिषद एकत्र वाचता येतं, पण ख्रिस्ताच्या नावाची भाकर एकत्र मोडायला परवानगी लागते, ही गंमत बाहेरच्या माणसाला समजावून सांगताना नाकी नऊ येतात.

आणि मग आतूनच एक टोचणी आली. अरविंद निर्मळ या मराठी ख्रिस्ती धर्मपंडितांनी १९८१ मध्ये बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजातल्या भाषणात विचारलं की हे 'भारतीय' ख्रिस्ती चिंतन नेमक्या कोणत्या भारताचं? वेदान्त, संन्यास, संस्कृत, शाकाहार हे सगळं ब्राह्मणी परंपरेतून उचललेलं, आणि मंडळीतली बहुतेक माणसं दलित. तिथूनच पुढे दलित ईशज्ञान (दलित थिऑलॉजी) म्हणून ओळखली जाणारी विचारधारा वाढली. निर्मळांचा प्रश्न आश्रमवाल्यांना लागला, आणि लागायलाच हवा होता. रमाबाईंचं शाकाहारी ताट इंग्रजांसमोर स्वाभिमानाचं होतं. तेच ताट मिरीत आश्रमाचा नियम म्हणून वाढलं, तेव्हा गावातल्या ज्या ख्रिस्ती घरात कधीमधी मटण शिजत होतं, त्या घराला पाहुणा कोण आणि यजमान कोण हा प्रश्न पडला असेल.

नगरकडच्या गावांतल्या मंडळीने स्वतःपुरतं यातलं काय ठेवलं, ते रविवारी ऐकू येतं. आश्रमाचा दिनक्रम तिथे पोहोचला नाही, अद्वैत तर नाहीच. 'उपासना संगीत' या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहातली टिळकांची पदं तेवढी राहिली. लोक ती झांजा घेऊन, घसा मोकळा सोडून म्हणतात.