सरकारी वकील कार्यालय (बेळगाव सीमाभाग)

सरकारवर झालेले दावे आणि सरकारतर्फे चालणारे खटले सांभाळणारे जिल्हा पातळीवरचे कार्यालय. दिवाणी काम जिल्हा सरकारी वकिलाकडे असते. फौजदारी काम सरकारी अभियोक्त्याकडे असून, त्याची नेमणूक १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८ खाली होते.

कार्यालयाचा खरा कस मुदतीत लागतो. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची. कोर्टाने सवलत दिली तर ९० दिवसांपर्यंत. जिल्हा न्यायालयातल्या अपिलाला ३० दिवस, उच्च न्यायालयातल्या अपिलाला ९०. (२००८ पासून धारवाडला खंडपीठ आल्याने बेंगळूरची खेप वाचली.) कैफियतीसाठी लागणारे शेरे (दाव्यातल्या मुद्द्यांवरचे अभिप्राय) मात्र तहसीलदार कचेरीतून यायचे असतात आणि विलंब बहुधा तिथेच होतो. ‘फाइल टेबलाटेबलावर फिरत होती’ ही सबब सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये टपाल खात्याच्या प्रकरणात साफ नाकारली. तिथे उशीर ४२७ दिवसांचा होता. म्हणून निकालाची नक्कल हाती आली की चांगला कारकून आधी तिच्यावरचा शिक्का वाचतो: अर्ज कधी दिला, नक्कल कधी तयार झाली. नकलेसाठी लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात. या तारखा त्याच दिवशी रजिस्टरात चढवाव्या लागतात.

ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर प्रकरणाचा १६ अंकाक्षरी सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख दिसते. त्या तारखेला कोणता कागद लागणार, तो कोणी आणायचा, हे तिथे नसते; ती नोंद कार्यालयानेच ठेवायची असते. जुन्या नुडी फॉन्टमधला कन्नड मजकूर दुसऱ्या संगणकावर विस्कटतो, म्हणून दाखल करण्यापूर्वी तो युनिकोडमध्ये आणावा लागतो.

सीमाभागाची अडचण याहून खोल आहे. १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. खानापूर, निपाणीकडच्या जमिनीच्या वादात जुने फेरफार, वाटणीपत्रे मराठीत निघतात, त्याहून जुनी मोडी लिपीत. कार्यालयाचा कारभार कन्नडमध्ये. २००० च्या सुमारास कर्नाटकच्या ‘भूमी’ योजनेत जमिनीचे उतारे संगणकावर आले, पण त्यामागचा हक्काचा इतिहास कागदावरच राहिला. मोडी कागद नुसता स्कॅन करून भागत नाही. गाव, सर्व्हे नंबर आणि खातेदाराचे नाव वाचून हाताने नोंदवले नाही, तर तो शोधून सापडत नाही. अशा वेळी मराठी वाचणारा एक कारकून महागड्या यंत्रसामग्रीहून मोलाचा ठरतो. त्याची बदली करताना त्याच्या जागी मराठी जाणणारा माणूस आधी नेमावा, आणि जुन्याने नव्याला प्रलंबित दाव्यांतले मराठी कागद एकेक करून दाखवून द्यावेत. कैफियत कन्नडमध्येच जाते, पण ती मूळ कागद समजून लिहिलेली असावी, हा सरकारइतकाच समोरच्या शेतकऱ्याचाही हक्क आहे.