मोटरहोमच्या सामानकप्प्यांची गॅस स्प्रिंग बदलणे

मोटरहोमच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या सामानकप्प्यांची दारे उचलून धरणारी, दाबाखाली वायू भरलेली स्प्रिंग निकामी झाल्यावर तिच्या जागी योग्य जोराची नवी बसवण्याचे काम. अमेरिकी बनावटीच्या बसवजा मोटरहोममध्ये राहण्याच्या भागाच्या फरशीखाली दोन्ही बाजूंना असे कप्पे ओळीने असतात. त्यांना तिकडे ‘बेसमेंट’ म्हणतात. युरोपीय गाड्यांत मागच्या टोकाला सायकली मावतील एवढा मोठा कप्पा असतो, तो ‘गराज’. ज्या दारांच्या बिजागऱ्या वरच्या कडेला असतात, त्यांना एक किंवा दोन गॅस स्प्रिंगा लावलेल्या असतात. आपल्याकडे मोटरहोम क्वचितच दिसते, पण हॅचबॅक मोटारीची डिकी आणि खाली सामान ठेवायचा ‘हायड्रॉलिक’ पलंग याच साधनावर उघडतात.

गॅस स्प्रिंग म्हणजे बंद पोलादी नळी, तिच्यात सरकणारा दट्ट्या आणि दट्ट्याला जोडलेला गुळगुळीत दांडा. नळीत नायट्रोजन वायू व थोडे तेल असते. दट्ट्याला बारीक छिद्रे असल्याने वायूचा दाब दोन्ही बाजूंना सारखाच राहतो. मात्र एका बाजूची दांड्याएवढी जागा दाबातून सुटते आणि तेवढ्या फरकानेच दांडा बाहेर ढकलला जातो. म्हणून जोर ठरतो तो नळीच्या नव्हे, दांड्याच्या जाडीवर. ६ मिमी दांड्याच्या स्प्रिंगमधून १७० न्यूटन जोर मिळवायला आत सुमारे ६० बार दाब लागतो; मोटारीच्या टायरमध्ये तो साधारण २ बार असतो. जर्मनीतील स्टॅबिलस कंपनीने १९६२ मध्ये अशा स्प्रिंगांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले.

स्प्रिंग निकामी होते ती बहुधा सीलमुळे, म्हणजे दांडा नळीतून बाहेर येतो तिथे वायू अडवणाऱ्या रबरी कड्यामुळे. रस्त्याची धूळ, चिखल आणि थंड देशांत बर्फ वितळवण्यासाठी टाकलेले मीठ दांड्यावर बसते, दांडा गंजून खडबडीत होतो, सील घासले जाते आणि वायू हळूहळू निसटतो. दांड्यावर तेलाचा ओघळ दिसला तर दिवस भरले असे समजावे. दार आधी अर्ध्यावर रेंगाळते, मग डोक्यात आपटते. एकदा गेलेला वायू घरी भरता येत नाही. जोर कमी करण्याची झडप असलेल्या काही स्प्रिंगा मिळतात, पण त्याही फक्त सोडायच्या कामाच्या.

प्रत्यक्ष बदलण्याचे काम काही मिनिटांचे आहे. डोके लागते ते निवडीला. दोन टोकांच्या मध्यांतील पूर्ण उघडी लांबी, दांड्याची सरक (तो किती आत-बाहेर होतो), टोकांचा प्रकार आणि जोर या चार गोष्टी जुळाव्या लागतात. जोर नळीवर न्यूटनमध्ये छापलेला असतो, अमेरिकी मालावर पौंडांत (१ पौंड म्हणजे सुमारे ४.४५ न्यूटन). लेबल पुसले गेले असेल तर हिशोब करावा. समजा दार ६० सेंमी उंच आणि ८ किलो वजनाचे आहे. ते आडवे धरून खालची मोकळी कड बॅगा तोलायच्या काट्याला अडकवली तर काटा ४ किलो दाखवेल. म्हणजे बिजागरीभोवती दार खाली पाडणारे आघूर्ण (जोर गुणिले बिजागरीपासूनचे अंतर) सुमारे २३.५ न्यूटन-मीटर झाले. दार उघडे असताना स्प्रिंगच्या रेषेचे बिजागरीपासूनचे लंब अंतर ८ सेंमी असेल, तर एकूण २९४ न्यूटन जोर लागेल. वर १५ टक्के धरले की ३३८, म्हणजे दोन स्प्रिंगा असतील तर प्रत्येकी १७० न्यूटनची.

हे १५ टक्के उगाच नाहीत. वायू थंड झाला की दाब उतरतो. २० अंशांना ३३८ न्यूटन देणारी जोडी उणे २० अंशांना २९२ वर येते आणि वरच्या उदाहरणातले दार थांबायचे नाव घेत नाही. उन्हाळ्यात ४५ अंशांना तीच जोडी ३६७ न्यूटनने ढकलते. त्यामुळे हिवाळ्यातल्या एका तक्रारीवरून उन्हाळ्यात जास्त जोराच्या स्प्रिंगा मागवणे शहाणपणाचे नाही. पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्यात फोम भरलेली दारे अशा स्प्रिंगांनी वाकतात, कडी ताणली जाते, स्क्रू पत्र्यातून निसटू लागतात. ‘थोडी जास्त दणकट’ हा मोह इथे महागात पडतो.

बसवताना पहिली गोष्ट म्हणजे दाराला लाकडी टेकू किंवा दुसरा माणूस. स्प्रिंग काढताच दार पूर्ण वजनानिशी खाली येते. दोन्ही टोकांना सहसा बॉल स्टड, म्हणजे १० मिमी गोळी असलेले खुंट, असतात आणि त्यांवर स्प्रिंगच्या टोकाची वाटी, म्हणजे सॉकेट, बसलेले असते. सॉकेटच्या पाठीवरची तारेची क्लिप बारीक स्क्रूड्रायव्हरने किंचित उचलली की सॉकेट निघते. क्लिप उपटून काढू नये, ती उडून गवतात हरवते. नवी स्प्रिंग बसवताना दार बंद असतानाच्या स्थितीत दांड्याचे टोक खाली राहील हे पाहावे, म्हणजे तेल सीलपाशी राहून ते ओले ठेवते. सॉकेट दाबले की टक असा आवाज येतो. दांड्याला पकडीने हात लावू नये आणि त्यावर ग्रीस किंवा रंग चढवू नये. एक ओरखडा नव्या सीलला पुरतो. दोन स्प्रिंगा असल्यास दोन्ही एकदमच बदलाव्यात, नाहीतर दार तिरपे ओढले जाते.

सगळे जुळूनही दार कडी सोडताच आपोआप उसळत असेल, तर दोष बहुधा कंसाच्या, म्हणजे स्प्रिंगचे टोक ज्यावर बसते त्या ब्रॅकेटच्या, जागेचा असतो. दार बंद असताना स्प्रिंगची रेषा बिजागरीच्या अगदी जवळून किंवा किंचित पलीकडून जायला हवी, म्हणजे ती दाराला उघडण्याऐवजी दाबून धरते. कंस एक-दोन सेंटिमीटर हलवला की फरक जाणवतो. जुने भोक वापरायच्या हट्टापायी अनेकजण नव्या स्प्रिंगलाच नावे ठेवतात.

काढलेली स्प्रिंग मेलेली दिसली तरी तिच्यात दाब शिल्लक असू शकतो. ती कापू, भोक पाडू किंवा आगीत टाकू नये. भंगारवाल्याला देताना ‘आत गॅस आहे’ असे सांगून द्यावी. कारखान्यांत दाब सोडण्यासाठी नळी पक्की धरून, आडोसा ठेवून, ठरलेल्या जागी भोक पाडतात.