डिजिटल कुलूप आणि वस्तूची मालकी
ट्रॅक्टर, फोन, प्रिंटर आपण पैसे मोजून घेतो, पण त्यातल्या सॉफ्टवेअरचा कॉपीराइट कंपनीकडेच राहतो, मग त्याच्या जोरावर कंपनी मालकाला दुरुस्ती करण्यापासून अडवू शकते का, हा 'राइट टू रिपेअर'चा, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचा वाद. त्याचं मूळ आहे अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए (डिजिटल मिलेनियम कॉपीराइट ॲक्ट) कायद्यात. त्याच्या कलम १२०१ प्रमाणे कॉपीराइट असलेल्या गोष्टीचं डिजिटल कुलूप, म्हणजे कॉपी किंवा बदल करू न देणारी सॉफ्टवेअरमधली अडवणूक, तोडणं बेकायदा. आणलं होतं गाणी-सिनेमांची पायरसी रोखायला, पण पुढे जिथे चिप बसली तिथे कंपन्या हेच कलम दाखवायला लागल्या.

लेक्समार्क या प्रिंटर कंपनीने तर टोनरसाठी, म्हणजे प्रिंटरच्या शाईच्या पुडीसाठी ते वापरलं. कार्ट्रिजच्या चिपमधला प्रोग्राम जास्तीत जास्त ५५ बाइटचा, म्हणजे दोन ओळींच्या मेसेजएवढा पण नाही, आणि दुसऱ्या कंपनीने लेक्समार्कच्या प्रिंटरला चालेल अशी चिप काढली म्हणून केस टाकली. २००४ मध्ये अपील कोर्टाने त्या चिपवरची मनाई उठवली, आणि बरंच केलं.

सगळ्यात जास्त पेटला तो ट्रॅक्टरचा मुद्दा. २०१५ मध्ये जॉन डिअर या ट्रॅक्टर कंपनीने अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसला लेखी कळवलं की घेणाऱ्याला ट्रॅक्टर चालवायचा, ट्रॅक्टरच्या आयुष्यापुरता, गृहीत धरलेला परवाना मिळतो. तेव्हा शेतात याचा अर्थ असा होता की पार्ट शेतकऱ्याने स्वतः बदलला तरी काही पार्ट डीलरचा माणूस लॅपटॉप लावून कोड देईपर्यंत चालूच होत नसत, आणि ऐन काढणीत त्याची वाट बघत बसायचं. कंपन्या म्हणतात, कुलूप उघडलं तर लोक प्रदूषणाची सेटिंग बदलतील. भीती खोटी नाही, पण त्यासाठी प्रदूषणाचा कायदा आहे ना, कॉपीराइट कशाला मध्ये आणायचा? शिवाय त्याच वर्षी फोक्सवॅगनने स्वतःच सॉफ्टवेअरमधून धुराच्या टेस्टला फसवल्याचं उघड झालं, तेव्हा कोड बंद ठेवल्याने हवा स्वच्छ राहते असं काही नाही.

लायब्ररी ऑफ काँग्रेस, म्हणजे कॉपीराइट ऑफिस जिच्याखाली येतं ती अमेरिकेची सरकारी लायब्ररी, दर ३ वर्षांनी कलम १२०१ मधून सवलती देते. २०१० मध्ये फोनच्या जेलब्रेकला (कंपनीने फोनवर घातलेली बंधनं काढायला) दिली, २०१५ मध्ये गाड्या-ट्रॅक्टरच्या दुरुस्तीला, आणि २०१८ पासून मालकाच्या वतीने मेकॅनिकनेही काम केलं तर चालतं. पण खरी गोम पुढेच आहे, सवलत फक्त कुलूप तोडायला, तोडायचं टूल बनवून विकायला नाही, म्हणजे हक्क मिळाला तरी कोडिंग न येणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती काय पडलं? म्हणून अमेरिकेतल्या राज्यांनी वेगळे कायदे करायला घेतले. कोलोरॅडोने २०२३ मध्ये शेतीच्या यंत्रांच्या दुरुस्तीसाठी केला, तो २०२४ पासून लागू आहे.

आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात डिजिटल कुलूप तोडण्याबद्दलचं कलम ६५अ आलं. शिक्षा २ वर्षांपर्यंत, पण कुलूप तोडताना कॉपीराइटचा भंग करायचा इरादा असला तरच, त्यामुळे स्वतःचा ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्याला हे कलम लावणं अमेरिकेइतकं सोपं नाही.