हॅमरमधला एनआरव्ही: काढू नका, तपासत राहा

बोअर ठेकेदार, रिग ऑपरेटर आणि हेल्पर यांच्यासाठी

डीटीएच (डाउन-द-होल) हॅमर म्हणजे रॉडच्या खालच्या टोकाला लागणारा, बोअरच्या तळाशी हवेवर ठोके देणारा हॅमर. त्याच्या टॉप सबखाली, म्हणजे रॉडला जोडणाऱ्या वरच्या भागाखाली, स्प्रिंगवर बसलेला एक छोटा व्हॉल्व्ह असतो. हाच एनआरव्ही, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह: हवा खाली जाऊ देतो, उलट वर येऊ देत नाही. कॉम्प्रेसरची हवा वरून आली की तो खाली दबतो आणि हवा ठोका देणाऱ्या पिस्टनकडे जाते. हवा बंद झाली की स्प्रिंग त्याला वर ढकलून सीटवर घट्ट बसवते. त्याचं काम एवढंच, पण अख्खा हॅमर त्याच्या भरवशावर असतो.

खरी कसोटी रॉड जोडताना लागते. समजा, बोअर १२० मीटर झाली आहे आणि पाणी जमिनीखाली ३० मीटरपर्यंत वर भरून येतं. म्हणजे बिटवर (हॅमरच्या टोकाच्या खडक फोडणाऱ्या भागावर) ९० मीटर पाणी उभं. दर १० मीटरला १ किलो (प्रति चौरस सेंमी) धरा, दाब झाला ९ किलो. हवा बंद होताच हे पाणी चुरा घेऊन बिटच्या छिद्रांतून आत घुसू लागतं. व्हॉल्व्ह धरत असेल तर हॅमरमध्ये हवा कोंडून राहते आणि तीच पाण्याला अडवते. धरत नसेल तर हवा रॉडमधून वर निसटते आणि तिच्यामागे गाळ पिस्टनपर्यंत येतो. काटोल-नरखेडकडच्या काळ्या पाषाणाचा चुरा पिस्टन आणि सिलिंडरच्या फटीत गेला की ओरखडे पडतात, हवा गळते, ठोका मंदावतो.

ओळखायचं कसं? जोड उघडताना थोडी हवा सुटणं साहजिक आहे, ती रॉडमधलीच असते. पण गढूळ पाणी उसळत राहिलं, किंवा नवा रॉड लावल्यावर हॅमर उशिरा चालू झाला, तर व्हॉल्व्हवर संशय घ्या. हॅमर खोलल्यावर पिस्टनच्या वर चिखल दिसला तर खात्रीच.

तपासणी सोपी आहे. हॅमर बाहेर काढला की टॉप सबच्या भोकातून लाकडी दांड्याने व्हॉल्व्ह दाबून सोडा. तो झटकन परत आला पाहिजे. अडखळला तर स्प्रिंग थकलीय किंवा गाळ अडकलाय. लोखंडी सळई घालू नका, व्हॉल्व्हचं रबर फाटतं. खोलल्यावर रबराच्या कडेवर नख फिरवून पाहा. चीर, फुगवटा किंवा कडकपणा आढळला तर व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग दोन्ही एकदम बदला. नव्या व्हॉल्व्हखाली जुनी स्प्रिंग ठेवणं ही खोटी बचत आहे.

बिघाडाचं मोठं कारण मात्र वरून येतं. उघड्यावर पडलेल्या रॉडमधली गंजाची खपली आणि माती हवेबरोबर खाली जाते आणि सीटवर बसते. कणभर खडा अडकला तरी व्हॉल्व्ह बंद होत नाही. म्हणून प्रत्येक रॉड जोडण्याआधी हवेने फुंकून घ्या. ग्रीस थ्रेडला लावा, रॉडच्या तोंडात जाऊ देऊ नका.

रॉड बदलण्याआधी बिट तळापासून थोडं उचला, चुरा येणं थांबेपर्यंत बोअर फुंका, मगच हवा हळूहळू बंद करा. गेज शून्यावर आल्याशिवाय जोडाला पाना लावायचा नाही.

काही जण “व्हॉल्व्हमुळे हवा अडते” म्हणून तो काढूनच टाकतात. ही स्प्रिंग हलकी असते. २० किलोच्या हवेपुढे तिचा अडथळा नगण्य. काढून मिळत काहीच नाही, हॅमर मात्र गाळाला मोकळा होतो.

खोल आणि जास्त पाण्याच्या बोअरमध्ये रॉडच्या मध्येही वेगळा एनआरव्ही लावता येतो. मग रॉड बदलताना त्याच्या वरच्या रॉडमधलीच हवा सुटते आणि पुन्हा दाब भरायला कमी वेळ लागतो. पण इथे फार सांभाळा. बिट चोक झालं (छिद्रं बुजली) असेल तर या व्हॉल्व्हखालची हवा दाबासकट आतच अडकते आणि वरचं गेज तरीही शून्य दाखवतं. रॉड वर काढताना हा व्हॉल्व्ह आला की त्याच्या खालचा जोड अगदी थोडा सैल करा, फुसफुस पूर्ण थांबू द्या. तोवर जोडाच्या समोर कोणी उभं राहू नये.

सुटा व्हॉल्व्ह घ्यायला दुकानात येताना जुना सोबत आणा आणि हॅमरचं मॉडेल लिहून आणा. दोन कंपन्यांच्या ६ इंची हॅमरमध्येही व्हॉल्व्हची लांबी आणि सीटचा उतार वेगळा असू शकतो. फक्त “६ इंचीचा द्या” म्हणून नेलेला व्हॉल्व्ह आत बसलेला दिसतो, पण पाणी धरत नाही.