बिअरचा 'शुद्धता कायदा': वटहुकूम जुना, नाव नवे

जर्मन बिअरच्या बाटल्यांवर १५१६ च्या 'शुद्धता कायद्या'चा उल्लेख आजही अभिमानाने छापला जातो. प्रत्यक्षात २३ एप्रिल १५१६ रोजी इंगोलश्टाट येथे दक्षिण जर्मनीतील बव्हेरियाच्या राज्यकर्त्या बंधूंनी काढलेल्या वटहुकुमात शुद्धता हा शब्द नाही. त्याची सुरुवातच दरांनी होते: हिवाळी सहामाहीत एका मापाला एक फेनिग (तेव्हाचे नाणे), उरलेल्या काळात फार तर दोन. बार्ली, हॉप्स (कडवटपणा आणणारी फुले) आणि पाणी यांखेरीज बिअरमध्ये काही घालू नये, हे त्यानंतर येते. बिअर आंबवणाऱ्या यीस्टचा उल्लेख नाही. आधीच्या खेपेचा साका पुढच्या खेपेला विरजणासारखा लावण्याची रीत होती, पण तो सजीव असतो हे एकोणिसाव्या शतकातच सिद्ध झाले.

मूळ नियमही अढळ राहिला नाही. १५५१ मध्ये धने घालण्यास मुभा मिळाली. नियमाने वगळलेल्या गव्हाच्या बिअरचा मक्ता एका सरदार घराण्याला देण्यात आला आणि १६०२ मध्ये तो राजघराण्याकडे परत येऊन महसुलाचे मोठे साधन बनला. नियमाच्या केंद्रस्थानी दर आणि महसूल होते, असेच यावरून म्हणावे लागते.

१८७१ मध्ये जर्मन साम्राज्यात सामील होताना बव्हेरियाने बिअरवरील कराचा अधिकार स्वतःकडे राखला. उत्तरेकडे मात्र साखर आणि तांदूळही वापरले जात. १९०६ मध्ये नियम, काही सवलतींसह, साम्राज्यभर लागू झाला. 'शुद्धता' हे नाव त्यानंतरचे आहे: मार्च १९१८ मध्ये बव्हेरियाच्या विधिमंडळात बिअरवरील कराची चर्चा चालू असताना एका सदस्याने वापरलेला हा शब्द ही त्याची सर्वांत जुनी ज्ञात नोंद होय. करविषयक वादात जन्मलेला शब्द पुढे चार शतकांच्या परंपरेचे नाव ठरला.

१२ मार्च १९८७ चा निकाल या नावाच्या बळावरच घाला घालणारा होता. इतर युरोपीय देशांची बिअर 'बिअर' म्हणून विकण्यास जर्मनीने केलेली मनाई मुक्त व्यापाराच्या विरोधात आहे, असे युरोपीय न्यायपीठाने ठरवले. जर्मन लोक बिअर भरपूर पितात, म्हणून तिच्यातील मिश्रके आरोग्यास धोकादायक ठरू शकतात, हा सरकारचा युक्तिवाद टिकला नाही. यांतील काही मिश्रकांना इतर पेयांत जर्मनीतच परवानगी होती, आणि घटक लेबलावर छापून ग्राहकाला माहिती देता येते, असे न्यायपीठाने म्हटले. आयातीला वाट मिळाली. देशी उत्पादक मात्र बांधलेलेच राहिले. त्यामुळेच पूर्व जर्मनीतील एका उत्पादकाला साखरपाक घातलेल्या काळ्या पेयाला 'बिअर' म्हणण्यासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले आणि ती परवानगी २००५ मध्ये न्यायालयातूनच मिळाली.