आहार-आखणी सुरू केलीत, पण येता-जाता तोंड चालूच राहतं?

आमच्याकडून आखणी नेलेल्यांचा पहिल्या पंधरवड्यात फोन येतो, तो बहुधा एकाच कारणासाठी : "जेवणं ठरल्याप्रमाणे झाली, पण मधे खाल्लं गेलं." हे पत्रक त्याच तक्रारीसाठी आहे. आधी वाचा, आणि तरीही अडलं तर जरूर फोन करा.

आधी दुपारचं ताट तपासा

संध्याकाळी हात डब्याकडे गेला की लोक स्वतःच्या मनाला बोल लावतात. आम्ही मात्र आधी विचारतो, दुपारी काय जेवलात? उत्तर बहुतेकदा तिथेच सापडतं. नव्या उत्साहात सकाळचं खाणं टाळलेलं असतं आणि दुपारी आखणीत लिहिलंय त्याच्या निम्मंच वाढून घेतलेलं असतं. मग उरलेली भूक संध्याकाळी वसुलीला येते.

अर्धपोटी राहिल्यावर डोक्यात काय चालतं, हे १९४४-४५ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात नीट पाहिलं गेलं. स्वखुशीने आलेल्या ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने कमी अन्नावर ठेवलं होतं. त्यांना खाण्याखेरीज दुसरं काही सुचेना; काही जण तर पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. तुमची आखणी इतकी कडक नाही. ती स्वतःहून कडक करू नका, एवढंच आमचं म्हणणं. वजन लवकर उतरावं म्हणून निम्मं जेवणारेच रात्री फ्रिजसमोर उभे असतात.

प्रत्येक जेवणात प्रथिनं हवीत : डाळी, कडधान्यं, अंडी, दही, मासे, यांपैकी जे तुम्हाला चालतं ते. सोबत भाजी भरपूर. प्रथिनं आणि तंतुमय पदार्थ पोट जास्त वेळ भरलेलं ठेवतात. फळ अख्खं खा, रस काढून पिऊ नका. आणि सावकाश जेवा. पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण वीस मिनिटं लागतात.

भूक की चाळा?

भूक वाढवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक रोजच्या खाण्याच्या वेळेआधी वाढतं. म्हणजे तुम्ही वर्षानुवर्षं पाच वाजता काहीतरी खात असाल, तर पाचला पोट हाक मारणारच. काही खाल्लं नाही तरी ही हाक थोड्या वेळाने मंदावते. खात्री करायची असेल तर स्वतःला विचारा : आत्ता साधं उकडलेलं अंडं किंवा एखादं फळ चालेल का? चालत असेल तर ती भूक आहे, खुशाल खा. फक्त त्या एकाच पाकिटातलं हवं असेल, तर बहुधा कंटाळा किंवा ताण आहे. जागेवरून उठा, पाणी प्या, कोणाशी तरी बोला.

मधलं खाणं पूर्ण बंद करा, असं आम्ही सांगत नाही. दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, बशीत काढून, बसून खा. डबा मांडीवर घेऊन खाल्लेल्याचा हिशेब कोणालाच लागत नाही. तीस ग्रॅम बदामांत साधारण १७० कॅलरी असतात. बदाम चांगलेच, पण बोलता बोलता त्याच्या तिप्पट सहज संपतात. एक ग्रॅम स्निग्धांशातून ९ कॅलरी मिळतात, प्रथिनं किंवा कर्बोदकांतून ४. म्हणून तळलेलं थोडंसंही महागात पडतं.

पाकिटावरचे आकडे वाचताना ते शंभर ग्रॅमचे आहेत की एका वाढपाचे, हे आधी बघा. २०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं, म्हणजे कारखान्यात बनलेलं तयार अन्न, आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं, दोन्ही वेळा हवं तेवढं. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर ते दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते. तेव्हा घरात पाकिटं आणून ठेवायची आणि मग संयम दाखवायचा, हा उद्योग आम्हाला पटत नाही. आणूच नका.

पेयंही मोजा. साध्या कोलाच्या ३३० मिलिलिटरच्या कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार २,००० कॅलरींच्या आहारात अशी साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत हवी, २५च्या आत राहिली तर उत्तम. जागरणानेही भूक वाढते, म्हणून झोप पूर्ण घ्या.

एखादा दिवस बिघडला तर

पुढचं जेवण टाळून भरपाई करू नका, त्याने उद्याची संध्याकाळही बिघडेल. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं काही अडलं नाही.

इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी मधलं खाणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये, साखर एकदम उतरू शकते. गरोदर असाल तर आम्हाला आधी सांगा. खाणं हाताबाहेर जात असेल, किंवा खाऊन झाल्यावर मुद्दाम उलटी काढावीशी वाटत असेल, तर आमची आखणी थांबवा आणि डॉक्टरांना भेटा.

पुढच्या भेटीला येताना आठवडाभराची नोंद आणा : मधे काय खाल्लं, किती वाजता, आणि त्याआधीचं जेवण काय होतं. कॅलरी लिहू नका, ते काम आमचं.