गॅस गीझर बाथरूमच्या बाहेरच बसवा

इन्स्टंट गीझर घ्यायला आलेले ग्राहक पहिल्यांदा विचारतात, "गॅसचा घेऊ की विजेचा?" त्यावर आमचा उलट प्रश्न असतो: गरम पाणी नक्की कुठे हवंय?

विजेचा ३ किलोवॉटचा गीझर मिनिटाला ३ लिटर पाणी जेमतेम १४ अंशांनी तापवतो. आत थोडं पाणी साठलेलं असतं, ते आधी कडक येतं आणि मग कोमट होत जातं. थंडीत टाकीतलं पाणी १८ अंशांवर असलं तर अंघोळीला ते पुरत नाही. स्वयंपाकघरातल्या सिंकला मात्र हाच घ्या. तो सुमारे १३ अँपिअर वीज ओढतो, म्हणून १६ अँपिअरचं सॉकेट आणि पक्कं अर्थिंग हवं.

बादल्या भराभर भरायच्या असतील तर ६ लिटरचा, म्हणजे मिनिटाला ६ लिटर पाणी देणारा गॅस गीझर. तो १५ लिटरची बादली अडीच मिनिटांत भरतो. पण तो कुठे बसवायचा, याबाबत आम्ही तडजोड करत नाही. बंद बाथरूममध्ये बर्नर हवेतला ऑक्सिजन खातो, ज्योत नीट जळेनाशी होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरचा गॅस गळला तर वास येतो; या वायूला ना वास, ना रंग. डोकं जड होतं, गरगरतं, आणि कडी काढायच्या आतच माणूस कोसळतो. एक्झॉस्ट फॅन आहे म्हणून निर्धास्त राहू नका, एखाद्या दिवशी तो लावायचा राहतोच. त्यामुळे युनिट ड्राय बाल्कनीत किंवा बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर बसवायचं आणि तिथून गरम पाण्याचा सीपीव्हीसी पाइप आत न्यायचा. बाथरूमच्या आत बसवण्याचं काम आम्ही घेत नाही, ग्राहक कितीही जुना असो.

घरात सिलिंडर आहे की लाइनचा गॅस, हे खरेदीआधीच सांगा. दोन्हींचे नोझल वेगळे असतात. लाइनची जोडणी गॅस कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या. वरच्या मजल्यावर राहत असाल तर टाकीची उंचीही सांगा. पाण्याला जोर नसला की गीझर पेटतच नाही.

चालू गीझर पेटेनासा झाला म्हणून लगेच नवा घेऊ नका. आधी दोन्ही सेल बदला, पाणी आत येतं तिथली जाळी काढून धुवा. बोअरच्या पाण्यानं क्षार साचून धार बारीक झाली असेल, तर तीही बऱ्याचदा सफाईनं सुधारते. ज्योत पिवळी दिसली, काजळी धरली किंवा पेटताना 'भप्प' आवाज झाला, तर वापर तिथेच थांबवून आम्हाला बोलवा. आतली तांब्याची कॉइलच गळायला लागली असेल तर दुरुस्तीवर पैसे घालू नका, युनिट बदला. त्याच वेळी आम्ही गॅसच्या नळीवरची तारीखही बघतो. पाच वर्षं झालेली नळी नव्या गीझरला जोडत नाही.